एक नाणे, सत्तावीस चुली

बल्गेरियाची राजधानी सोफिया. तिथल्या एखाद्या कचेरीत फरशी पुसणारी बाई आणि लक्झेंबर्गमधल्या एखाद्या बँकेत फरशी पुसणारी बाई, दोघींच्या हातात सारखेच फडके, सारखीच बादली आणि कामाचे तासही सारखेच. २०२५ च्या जानेवारीत कायद्याने ठरवून दिलेले किमान मासिक वेतन बल्गेरियात ५५१ युरो होते आणि लक्झेंबर्गमध्ये २,६३८ युरो. म्हणजे जवळजवळ पाचपट! लक्झेंबर्ग महागडा देश आहे, तिथे घरभाड्यापासून भाजीपर्यंत सगळेच महाग, हे मान्य. पण महागाईचा हिशेब केला तरी दुपटीहून जास्त अंतर उरतेच. गंमत अशी, की हे दोन्ही देश एकाच संघाचे सभासद आहेत. २०२५ पासून बल्गेरियाच्या सीमेवरचे पासपोर्टचे नाकेही उठले आहेत. आणि २०२६ च्या १ जानेवारीपासून तर दोघींच्या पगाराचे नाणेही एकच झाले आहे, युरो.

मग सोफियाची बाई उठून लक्झेंबर्गला का जात नाही, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. जाते! ती जाते, तिचा मुलगा जातो, तिच्या गल्लीतला डॉक्टरही जातो. १९८९ साली बल्गेरियाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या घरात होती. २०२१ च्या जनगणनेत ती पासष्ट लाखांवर आली. लढाई नाही, दुष्काळ नाही, तरी एका पिढीत देशातला चौथा हिस्सा माणूस कमी झाला. जन्मदर घटला हे त्याचे एक कारण, आणि माणसे बाहेर गेली हे दुसरे.

युरोपियन युनियनची सुरुवात झाली तेव्हा ही अडचण नव्हती. १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी आपला कोळसा आणि पोलाद एका सामायिक व्यवस्थेखाली आणले. तोफा पोलादाच्या होतात, पोलादाला कोळसा लागतो. तेव्हा दोन्ही एकत्र ठेवले तर फ्रान्स आणि जर्मनी पुन्हा एकमेकांच्या उरावर बसणार नाहीत, असा तो साधा हिशेब होता. दक्षिण इटलीचा अपवाद सोडला तर हे सहा जण साधारण एकाच ऐपतीचे. पुढे १९७३ मध्ये ब्रिटन आणि डेन्मार्कबरोबर आयर्लंड आला, १९८१ मध्ये ग्रीस, १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल. घरात धाकटी भावंडे येऊ लागली आणि ऐपतीतला फरक डोळ्यांत भरू लागला. २००४ मध्ये तर पोलंड, हंगेरीपासून एस्टोनियापर्यंत दहा देश एकदम आत आले. त्यांतले आठ कालपर्यंत साम्यवादी राजवटीत होते. २००७ मध्ये बल्गेरिया आणि रुमानिया, २०१३ मध्ये क्रोएशिया. २०२० मध्ये ब्रिटन बाहेर पडला आणि आज संघात सत्तावीस देश आहेत.

एकत्र कुटुंबात मिळवता भाऊ आणि न मिळवता भाऊ असले की वडीलधारे काहीतरी तोड काढतात. युरोपनेही काढली. १९७५ मध्ये मागास भागांसाठी एक निधी सुरू झाला. नव्वदीच्या दशकात त्यात आणखी एका निधीची भर पडली. ज्या देशाचे दरडोई उत्पन्न सरासरीच्या ९० टक्क्यांहून कमी, त्याला रस्ते, रेल्वे, सांडपाण्याच्या योजना यांसाठी पैसे. सुरुवातीला हे पैसे आयर्लंड, स्पेन, पोर्तुगाल आणि ग्रीस या चौघांना मिळाले. या देशांतून फिरताना नव्या पुलापाशी किंवा महामार्गापाशी निळ्या फलकावर बारा सोनेरी ताऱ्यांचे वर्तुळ दिसते ते याच पैशांचे.

या चौघांतला आयर्लंड हा सगळ्यांचा आवडता दाखला. पिढ्यानपिढ्या पोरे बोटीत बसवून अमेरिकेला पाठवणारा हा देश आज दरडोई उत्पन्नाच्या यादीत अगदी वर आहे. त्यात निधीचा वाटा आहे, इंग्रजी भाषेचा आहे, शिक्षणाचा आहे. पण कंपन्यांच्या नफ्यावर जेमतेम साडेबारा टक्के कर घेऊन अमेरिकी कंपन्यांना घरी बोलावण्याच्या युक्तीचाही मोठा आहे. (बड्या कंपन्यांसाठी २०२४ पासून तो १५ टक्के झाला.) त्यामुळे आयर्लंडच्या आकड्यांवर फार भाळू नये. २०१५ साली तिथले राष्ट्रीय उत्पादन एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढले, असे सरकारी कागद सांगतात! कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवली, एवढाच त्याचा अर्थ. डब्लिनच्या माणसाच्या ताटात त्या वर्षी २६ टक्के जास्त बटाटे काही पडले नाहीत. ॲपल कंपनीने थकलेला १३ अब्ज युरोंचा कर आयर्लंडला द्यावा, असा आदेश युनियनने २०१६ मध्ये काढला, तेव्हा 'आम्हाला तो नको' म्हणून आयरिश सरकारच कोर्टात गेले. २०२४ मध्ये ते हरले आणि पैसे घ्यावे लागले. हरून श्रीमंत झालेला पक्षकार विरळाच.

खरी कसोटी लागली ती ग्रीसमध्ये, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

युरोपूर्वी ग्रीसचे द्राख्मा हे स्वतःचे चलन होते. देशात महागाई वाढली, माल बाहेर विकेनासा झाला की द्राख्माची किंमत उतरायची. ग्रीसचे ऑलिव्ह तेल आणि ग्रीसची हॉटेले परदेशी माणसाला स्वस्त पडायची आणि गाडे पुन्हा चालू लागायचे. ही काही फार सन्मानाची गोष्ट नव्हती, लोकांची बचत त्यात झिजायची. पण वाफ बाहेर पडायला एक झडप होती. २००१ मध्ये ग्रीस युरोत आला आणि ती झडप बंद झाली. तुटीची मर्यादा आपण पाळली आहे असे दाखवून तो आत आला होता. ते आकडे खरे नव्हते, हे त्यांच्याच सरकारने २००४ मध्ये कबूल केले.

तोवर दुसरीच एक गोष्ट घडली होती. नव्वदीच्या सुरुवातीला ग्रीसला कर्ज हवे असेल तर जबर व्याज मोजावे लागे. युरो आल्यावर हेच व्याज उतरत उतरत जर्मनीच्या व्याजाला जवळजवळ येऊन टेकले. आपल्याकडे गावातला वाणी धाकट्या भावाला उधार देतो ते थोरल्याच्या नावावर, तसेच हे. वास्तविक युनियनच्या करारात स्वच्छ लिहिले होते की एकाच्या कर्जाला दुसरा बांधील नाही. पण फ्रान्स-जर्मनीच्या बँकांनी ते मनावर घेतले नाही. वेळ आलीच तर थोरला भाऊ बघेल, या हिशेबाने त्यांनी पैसे दिले. ग्रीसने ते घेतले आणि त्यांतल्या काहींतून जर्मन मोटारी आणि जर्मन पाणबुड्याही घेतल्या.

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये नवे सरकार आले आणि तूट सांगितली जात होती त्याच्या कितीतरी पट आहे, हे जाहीर झाले. त्यानंतरची दहा वर्षे ग्रीक कुटुंबांनी कशी काढली, ते आकड्यांतूनही कळते. २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे कर्ज मिळाले, २०१२ मध्ये दुसरे, २०१५ मध्ये तिसरे. आणि प्रत्येक कर्जाबरोबर अटी. पगार कापले, पेन्शन एकदा नव्हे अनेकदा कापली, कर वाढवले. देशाचे उत्पादन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली. तरुणांत तर दर दोघांमागे एकाहून जास्त बेकार. चार लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली. त्यांत इंजिनियर होते, डॉक्टर होते. घरातल्या आजोबांच्या कापलेल्या पेन्शनवर मुलगा, सून आणि नातवंडे जगत होती. आपल्याकडे म्हातारपणी मुलाने बघावे असे म्हणतात. तिथे म्हातारपणी मुलाला बघायची वेळ आली.

२०१५ च्या जूनअखेरीस बँकांना टाळे लागले. यंत्रातून दिवसाला ६० युरोच काढता येत. वीसच्या नोटा संपल्यावर तर पन्नासच हातात पडत. कार्ड नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी काही शाखा मुद्दाम उघडल्या, आणि त्यांच्या दाराशी पहाटेपासून काठ्या टेकत रांगा लागल्या. ५ जुलैला जनतेचा कौल घेतला, ६१ टक्क्यांनी अटींना 'नाही' म्हटले; आणि दोनच आठवड्यांत सरकारने जवळपास त्याच अटींवर सही केली. सही न करण्याची किंमत म्हणजे युरोतून बाहेर पडणे, आणि ते लोकांनाही नको होते.

या सगळ्यात जर्मनीचे काय गेले? तिथल्या एका खपाऊ दैनिकाने 'तुमची बेटे विका' असा सल्ला देऊन टाकला. ग्रीकांनी अथेन्सच्या रस्त्यांवर महायुद्धातल्या जर्मन अंमलाची आठवण काढली. आळशी ग्रीक आणि कष्टाळू जर्मन, असे चित्र रंगले. प्रत्यक्षात वर्षाकाठी ग्रीक कामगार जर्मन कामगारापेक्षा जास्त तास राबतो, हे आंतरराष्ट्रीय आकडे दर वर्षी दाखवतात. फरक तासांचा नाही. हाताखालच्या यंत्रांचा, कारखान्यांचा आणि सरकारी कारभाराचा आहे. शिवाय जर्मनीचे स्वतःचे मार्क हे चलन असते, तर एवढ्या निर्यातीमुळे ते केव्हाच महाग झाले असते आणि जर्मन मोटारीही महागल्या असत्या. ग्रीस, इटली यांच्यासारखे अशक्त सोबती असल्याने युरो फार चढत नाही, आणि जर्मनीचा माल जगभर विकतो. हा फायदा बिलात कुठे दाखवला जात नाही. आणि नियमांचेच म्हणाल, तर तुटीची तीन टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्यांत सुरुवातीलाच फ्रान्स आणि जर्मनी होते. २००३ मध्ये त्यांच्यावर कारवाईची वेळ आली, तेव्हा बाकीच्या अर्थमंत्र्यांनी ती स्थगित केली!

आपल्या देशातही राज्याराज्यांत अंतर आहे. बिहार आणि महाराष्ट्र एकच रुपया वापरतात, तरी दरडोई उत्पन्नात कितीतरी फरक. पण इथे वित्त आयोग आहे. पंधराव्या आयोगाने वाटपयोग्य केंद्रीय करांतले ४१ टक्के राज्यांना दिले, आणि ते देताना गरीब राज्याला जास्त माप घातले. त्यावरून भांडणे होतात, पुढेही होतील. पण पैसा दर वर्षी आपोआप वाहतो, त्यासाठी बिहारला हात पसरून अटी ऐकाव्या लागत नाहीत. उलट युरोपियन युनियनचा सगळा अर्थसंकल्प सभासद देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास, आणि त्यातलाही सुमारे एक तृतीयांश शेतीकडे जातो. नाणे एक केले पण पेटी एक केली नाही. माझ्या मते गरीब-श्रीमंत एकत्र आले ही चूक नव्हती. ही अर्धी राहिलेली वाटणी हीच चूक होती.

पोलंडकडे पाहिले की हे आणखी पटते. पोलंड २००४ मध्ये आला तेव्हा तिथले दरडोई उत्पन्न, महागाईचा हिशेब धरून, संघाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होते. ग्रीस तेव्हा सरासरीच्या अगदी जवळ होता. ऑलिंपिकचा मान मिळालेला, नवा विमानतळ, नवी मेट्रो. आज पोलंड सरासरीच्या चार पंचमांशाजवळ पोचला आहे आणि ग्रीस सत्तर टक्क्यांच्या आसपास, खालून दुसऱ्या-तिसऱ्या जागी घसरला आहे. पोलंडने निधी भरपूर घेतला, सगळ्यांत जास्त त्यालाच मिळाला. जर्मनीच्या शेजारी असल्याने कारखानेही आले. पण झ्लॉटी हे स्वतःचे चलन त्याने सोडले नाही. २००८-०९ च्या मंदीत झ्लॉटी घसरला, पोलंडचा माल स्वस्त झाला, आणि २००९ मध्ये सगळ्या युनियनमध्ये एकट्या पोलंडचे उत्पादन वाढले.

याच पोलंडच्या प्लंबरने २००५ मध्ये फ्रान्सची झोप उडवली होती. स्वस्तात नळ दुरुस्त करणारा पोलंडचा माणूस येऊन आमचे काम पळवणार, अशी भीती तिथे सार्वमताच्या प्रचारात घालण्यात आली. त्यावर पोलंडच्या पर्यटन खात्याने एक झकास पोस्टर काढले. हातात पान्हा घेतलेला एक देखणा तरुण म्हणतो, मी पोलंडमध्येच राहतोय, तुम्हीच इकडे या! फ्रेंच बायकांना ते पोस्टर फार आवडले म्हणतात.

थट्टा सोडा, माणसे गेली हे खरे. २००४ मध्ये नव्या देशांतल्या कामगारांना लगेच दार उघडले ते ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच, आणि लाखो पोलिश तरुण तिकडे गेले. इटलीत घरोघरच्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाईला 'बादान्ते' म्हणतात. ती बहुधा रुमानियाची किंवा युक्रेनची असते. ती रोममधल्या कुणाच्या तरी आईला जेवू घालते, आणि तिची स्वतःची मुले रुमानियातल्या खेड्यात आजीपाशी वाढतात. मुलांना महिन्याला पैसे येतात, चांगले बूट येतात. आई उन्हाळ्यात येते.

२०२० च्या एप्रिलमध्ये, करोनामुळे सगळा युरोप घरात बसला होता, तेव्हा जर्मनीने रुमानियातल्या शेतमजुरांसाठी खास विमाने उतरू दिली. कारण पांढऱ्या ॲस्परॅगसच्या काढणीचा मोसम होता, आणि जर्मन जेवणात या भाजीचे वसंतात मोठे कौतुक. क्लुज शहराच्या विमानतळाबाहेर मजुरांची खच्चून गर्दी झाली; अंतर राखण्याचा नियम तिथे कुणी पाळू शकले नाही. पुढे दोन महिन्यांत जर्मनीच्या एका मोठ्या कत्तलखान्यात हजाराहून जास्त कामगारांना लागण झाली, त्यांतले बरेच रुमानिया-बल्गेरियाचे, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे. तेव्हा कुठे जर्मन लोकांना कळले की आपले मांस इतके स्वस्त का मिळते. २०२१ पासून तिथे मांस कापण्याच्या कामात कंत्राटदारी बंद झाली.

रुमानिया आपल्या पैशाने डॉक्टर शिकवतो आणि तो जर्मनीत दवाखान्यात रुजू होतो. हाही एक निधीच, फक्त उलट्या दिशेने वाहणारा. त्याचा हिशेब ब्रुसेल्सच्या कुठल्या तक्त्यात येत नाही. तो थोपवायला रुमानियाच्या सरकारला २०१८ मध्ये डॉक्टरांचे पगार भरमसाट वाढवावे लागले.

या ये-जा करणाऱ्यांत आपल्या गोव्याची माणसेही आहेत. १९६१ च्या डिसेंबरपूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिक ठरतो, आणि त्याच्या मुला-नातवंडांनाही नोंदणी करता येते. पोर्तुगाल युनियनमध्ये असल्याने तो पासपोर्ट हातात आला की लिस्बनला न जाताच सरळ इंग्लंड गाठता येत असे. सासष्टी-बार्देशातली कितीतरी कुटुंबे अशी स्विंडन या गावी जाऊन राहिली. गोदामांत, कारखान्यांत पाळ्या केल्या आणि गावी घरे बांधली. बदल्यात भारतीय पासपोर्ट परत करावा लागला, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग २०१६ चे सार्वमत आले, ब्रिटन बाहेर पडला. २०२० अखेरपर्यंत जे तिथे राहायला पोचले होते त्यांना अर्ज करून राहता आले. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्याला इंग्लंडचा व्हिसा इतर परक्यांसारखाच. ज्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले आणि इंग्लंडचे दार मात्र थोडक्यात चुकले, त्यांच्या घरांत काय बोलणे झाले असेल? ब्रिटनचेही फार साधले असे नाही. पोलंडचे आणि रुमानियाचे कामगार घटले, पण म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेला आणि इस्पितळांना माणसे लागतातच. ती भारतातून, नायजेरियातून आली.

करोनाने एक गोष्ट मात्र घडवली. २०२० च्या जुलैमध्ये ब्रुसेल्सला सगळे पंतप्रधान आणि अध्यक्ष चार दिवस-चार रात्री भांडले. हॉलंड, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्क म्हणत होते, द्यायचे तर कर्ज द्या, दान नको. शेवटी ७५० अब्ज युरोंचा निधी ठरला. त्यातले ३९० अब्ज परत न करण्याच्या बोलीवर, आणि तो पैसा पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर सगळ्यांच्या नावाने कर्ज काढून उभा केला. दहा वर्षांपूर्वी ग्रीसने असे काही मागितले असते तर त्याला हाकलून दिले असते. या वेळी इटली आणि स्पेन अडचणीत होते, आणि ते बुडाले तर जर्मन मोटारी घेणार कोण, हे जर्मनीलाही दिसत होते.

बल्गेरियाला युरो नको म्हणणारेही पुष्कळ होते. सोफियात मोर्चे निघाले. नाणे बदलले की दुकानदार भाव वर ढकलणार, ही साधी भीती. म्हणून २०२५ च्या ऑगस्टपासूनच प्रत्येक वस्तूवर लेव आणि युरो अशा दोन्ही किमती लिहिण्याची सक्ती झाली, म्हणजे आजीबाईंनाही तपासता यावे. तशी लेवची गाठ आधी जर्मन मार्कशी आणि मग युरोशी १९९७ पासूनच बांधलेली होती, त्यामुळे स्वतःच्या चलनाची झडप बल्गेरियाने केव्हाच बंद करून घेतली होती. आता निदान युरोपच्या मध्यवर्ती बँकेत व्याज ठरते तेव्हा त्यांचाही माणूस टेबलाशी बसतो. नव्या दोन युरोच्या नाण्यावर त्यांनी अठराव्या शतकातल्या पाइसी या संन्याशाचे चित्र घातले आहे. आपली भाषा आणि आपला इतिहास विसरू नका, असे बल्गेरियनांना बजावणारा इतिहासग्रंथ त्याने लिहिला होता. ते नाणे आता लक्झेंबर्गच्या दुकानातही चालते.